चिऱ्याच्या भिंतीवर वळता टीव्ही : घरी केलेला ब्रॅकेट पेलेल का?

पडवीतला

नमस्कार. देवरुखजवळच्या आमच्या जुन्या घरात ४३ इंची टीव्ही भिंतीवर बसवायचा आहे आणि त्याचा ब्रॅकेट विकत न आणता घरीच करावा, असा विचार आहे. हौस हे एक कारण आहेच. शिवाय जुन्या चौकटींचे सागवान आणि थोडे लोखंडी अँगल घरात पडून आहेत. मुख्य कारण मात्र भिंत हे आहे. बाजारातले वळणारे ब्रॅकेट वीतभर लांबीच्या पत्र्यावर, चार बोल्टांच्या जोरावर भिंत धरून असतात आणि तो प्रकार आमच्या भिंतीला मानवेल असे मला वाटत नाही.

भिंत जांभ्या चिऱ्याची, मातीत बांधलेली, सुमारे १४ इंच जाड आहे. वरचा गिलावा मूळचा चुन्याचा असून मधूनमधून सिमेंटने दुरुस्त केलेला आहे. ही भिंत माजघर आणि कोठीची खोली यांच्यामध्ये येते, त्यामुळे तिला पावसाचा मारा नाही. टीव्ही एरवी माजघरातूनच पाहिला जाईल. पण गणपतीत आणि मे महिन्यात घरात माणसे वाढली की पडवीत बसलेल्यांनाही उघड्या दारातून तो दिसावा, अशी सर्वांची इच्छा आहे. टीव्हीकडे तोंड करून उभे राहिल्यास पडवीचे दार डाव्या हाताला येते, म्हणजे पडदा डावीकडे साधारण ४५ अंश वळला पाहिजे.

पायांशिवाय टीव्हीचे वजन ९ किलो असून रुंदी ९६ सेंटीमीटर आहे. मागची चार भोके २०० मिलिमीटरच्या चौरसात आहेत. चिऱ्यात फास्टनर धरतो का, वळणारा भाग लोखंडाचा करावा की लाकडाचा, आणि सुट्टीत येणारी मुले त्याला लोंबकळणार हे गृहीत धरून किती मजबुती ठेवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

भारवाहक

ब्रॅकेट लोखंडाचा असो वा लाकडाचा, ९ किलोसाठी तो मोडत नाही. सुटते ते भिंतीतले बूड. म्हणून आधी भिंतीवर नेमके किती ओढ येणार आहे याचा हिशेब करू. हिशेब ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसा आहे.

टीव्ही भिंतीला लगटून टांगला, तर त्याचा भार भिंतीपासून ८ सेंटीमीटरवर येतो. ९ गुणिले ८ म्हणजे ७२ किलो-सेंटीमीटर. वरचे आणि खालचे बोल्ट २० सेंटीमीटर अंतरावर असतील, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ ७२ भागिले २०, म्हणजे चार किलोंच्याही आत राहते. आता तोच टीव्ही ५० सेंटीमीटर लांब दांडीच्या टोकाला लावा आणि दांडीचे स्वतःचे ४ किलो तिच्या मध्यावर धरा. बेरीज ५५० होते आणि ओढ २७ किलोंच्या पुढे जाते. त्या टोकाला एखाद्या मुलाने २० किलोंचा भार दिला, तर आणखी १,००० मिळवा. ओढ जवळजवळ ७८ किलो होते. वजन ९ किलोच, पण लांबीमुळे चित्र पार पालटते. बाजारातल्या ब्रॅकेटच्या खोक्यावर ३० किंवा ४० किलो असे छापलेले असते, ते त्या लोखंडाबद्दल असते. तुमच्या भिंतीबद्दल त्यात काहीही सांगितलेले नसते.

यावरून दोन उपाय निघतात. पहिला म्हणजे पुढे येणारी लांबी कमी करणे आणि दुसरा म्हणजे वरच्या-खालच्या बोल्टांमधले अंतर वाढवणे. दुसरा तुमच्या हातात अगदी सहज आहे. भिंतीवर ९० सेंटीमीटर उंचीची सागवानी फळी उभी बसवा आणि तिचे बोल्ट ७५ सेंटीमीटर अंतरावर घ्या. वरच्या १,५५० ला ७५ ने भागले की ओढ २१ किलोंवर येते. फळी उभी असल्याने ती चिऱ्यांच्या चार-पाच थरांवर टेकते आणि एका चिऱ्यावर सगळी मदार राहत नाही.

आता चिऱ्याबद्दल. जांभ्या दगडासाठी भारतीय मानक ३६२० आहे आणि त्यात दाबाखालची किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन धरली आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलो. दाब सोसायला हा दगड पुरेसा आहे, पण त्याच्या अंगात पोकळ्या असतात आणि ताण त्याला सोसत नाही. लोखंडी अँकर फास्टनर आवळताना फुगतो आणि भोकाच्या कडांना फाकवतो. काँक्रीटमध्ये हाच त्याचा गुण आहे. चिऱ्यात मात्र तो एकतर पोकळीत सैल फिरत राहतो किंवा चिऱ्याचा टवका काढतो. नायलॉनचा प्लगही याच तत्त्वावर चालतो, फक्त तो जरा मवाळ असतो. मातीच्या सांध्यात तर यांपैकी काहीच धरणार नाही.

तुमच्या भिंतीपलीकडे कोठीची खोली आहे, ही मोठीच सोय आहे. भोक आरपार पाडा, त्यातून आटे असलेली तीन सुती (म्हणजे ३/८ इंच जाडीची) सळई घाला आणि कोठीच्या बाजूला १० सेंटीमीटर चौरस, ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी लावून नट आवळा. आता ओढ आली की चिऱ्यावर ताण न येता पलीकडून दाब येतो. ६० किलोंची ओढ १०० चौरस सेंटीमीटरवर पसरली, तर दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलो होते. वरच्या ३५ शी ताडून पाहा. मग मुलांनी लोंबकळून पाहिले तरी भिंतीला त्याची दखल घ्यावी लागणार नाही. (त्यांना लोंबकळू द्यावे, असे मी म्हणत नाही.)

भोक पाडताना १२ मिलिमीटरचे, निदान १८ इंच लांब बिट घ्या. मातीत बांधलेल्या भिंतीला ड्रिलचे जोराचे ठोके देऊ नका. ठोके बंद ठेवून सुरुवात करा आणि अगदीच पुढे सरकेना तर हलके ठोके द्या. पलीकडे बाहेर पडताना गिलाव्याचा मोठा पोपडा निघतो, म्हणून शेवटच्या दोन इंचांत हात सैल ठेवा किंवा बारीक बिटाने आधी आरपार जाऊन उरलेले भोक कोठीच्या बाजूने मोठे करा. भोक चिऱ्याच्या मध्यावर येते की सांध्यात, हे गिलाव्यावरून कळत नाही. त्यासाठी आधी ४ मिलिमीटरच्या बिटाने चाचपणी करावी. दगडातून खरखरीत तांबडी भुकटी येते आणि बिट सावकाश सरकते. सांध्यात ते एकदम आत जाते.

तीनसुती

भारवाहक यांचा भिंतीचा हिशेब मान्य. माझे फॅब्रिकेशनचे काम आहे, त्यामुळे दांडीबद्दल लिहितो.

दांडी ५० सेंटीमीटर लांब कशाला हवी? टीव्ही मध्यावर फिरणार असेल, तर त्याची एक कड मागे भिंतीकडे जाते. अर्धी रुंदी ४८ सेंटीमीटर आहे. टीव्ही पूर्ण काटकोनात वळवायचा असता तर ४८ च्या वर लांबी लागलीच असती. तुम्हाला ४५ अंश हवे आहेत. तेवढ्यासाठी मागची कड ३४ सेंटीमीटर आत येते, म्हणून ३६ ते ३८ सेंटीमीटरची दांडी पुरते. ओढ तिथेच पाव हिश्शाने उतरते.

दांडीला २५ मिलिमीटरची चौकोनी नळी, २ मिलिमीटर जाडीची, घ्यावी. खरी मेख सांध्यात आहे. घरी केलेल्या ब्रॅकेटचा टीव्ही पुढे झुकलेला दिसतो, तो नळी वाकल्यामुळे नसतो. सळई आणि तिची नळी यांच्यातल्या फटीमुळे असतो. सळईला वर आणि खाली धरणाऱ्या नळीच्या दोन कड्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर आणि एकूण १ मिलिमीटर ढिलाई असेल, तर ३६ सेंटीमीटरवरचे टोक साडेतीन मिलिमीटर खाली येते आणि दुसऱ्या सांध्याची ढिलाई त्यात मिळाली की पडदा नजरेला तिरका दिसू लागतो. म्हणून कडी २० सेंटीमीटर अंतरावर ठेवावीत, १६ मिलिमीटरची घासून गुळगुळीत केलेली सळई घ्यावी आणि तिच्या मापाची नळी लेथवर करून घ्यावी. दोन्ही कड्यांमध्ये वॉशर आणि ग्रीस घालावे.

टीव्हीच्या मागे २५ बाय ५ मिलिमीटरची दोन उभी पट्टी लावावी आणि २०० मिलिमीटरवर भोके पाडावीत. हे अंतर व्हेसा या टीव्हीमागच्या भोकांच्या मानकातले आहे, त्यामुळे पुढे टीव्ही बदलला तरी बहुधा तीच पट्टी चालेल. स्क्रू मात्र अंदाजाने घेऊ नका. या मापाला बहुतेक वेळा ६ मिलिमीटरचे, १ मिलिमीटर आट्याचे स्क्रू लागतात, पण ४ मिलिमीटरचेही टीव्ही पाहिले आहेत. आगकाडी आत घालून खोली मोजा, तिच्यात पट्टीची जाडी मिळवा आणि त्यापेक्षा दोन मिलिमीटर आखूड स्क्रू आणा. लांब स्क्रू जोराने आवळला की आतल्या भागाला टेकतो आणि पडदा कायमचा जातो. भोके खोलगट असतील तर पट्टीखाली नळीचे तुकडे घालून पातळी एक करावी.

वेल्डिंग करताना आधी चारही ठिकाणी टाके द्यावेत, गुण्याने काटकोन तपासावा आणि मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने पूर्ण कराव्यात, नाहीतर चौकट पिळवटते. टीव्ही लावून ठेवून वेल्डिंगची दुरुस्ती कोणीही, कधीही करू नये. शेवटी रेड ऑक्साइडचा हात आणि वरून तेलरंग. कोकणातल्या दमट हवेत पहिला हात चुकवला तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

रंधा आणि पटाशी

वरचे सर्व वाचून एक शंका येते. पडदा एकाच बाजूला वळायचा आहे, तर दोन सांध्यांची दांडी हवीच कशाला?

टीव्हीएवढी सागवानी चौकट करा आणि ती खिडकीच्या झडपेसारखी एका कडेला बिजागऱ्यांवर टांगा. ज्या बाजूला पडवीचे दार आहे त्याच बाजूच्या, म्हणजे डाव्या कडेला बिजागऱ्या येतील. उजवी कड पुढे ओढली की पडदा दाराकडे तोंड करतो. काम झाले की झडप लोटून द्यायची. ४५ अंशच काय, त्याहून जास्तही वळेल. चौकटीची रुंदी मात्र टीव्हीएवढीच हवी. ती अरुंद ठेवून बिजागऱ्या टीव्हीच्या पाठीमागे घेतल्या, तर वळवताना टीव्हीची डावी कड भिंतीवर घासेल.

चौकटीला ७ बाय साडेतीन सेंटीमीटरचे लाकूड पुरते. दोन आडवे तुकडे, दोन कडेचे उभे आणि टीव्हीच्या भोकांसाठी मधले दोन उभे, असे मिळून सुमारे ७ किलो लाकूड लागेल. कोपऱ्यांतले सांधे दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे खाचून, एकमेकांत बसवून, सरस लावून करावेत. नुसते स्क्रू मारून काटकोन टिकत नाही. पाठीमागून एक तिरकी पट्टी अवश्य द्यावी आणि ती बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी. उलटी दिली तर पट्टीवर दाबाऐवजी ताण येतो, तिचे सांधे ओढले जातात आणि मोकळी कड हळूहळू खाली उतरते. जुन्या फळ्यांच्या दारांची पाठ पाहिल्यास तिरकी पट्टी याच दिशेने गेलेली आढळते.

जुने लाकूड वापरताना आधी त्यातले खिळे शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. वाळवीने आतून पोखरलेले तुकडे वजनाला हलके लागतात, ते बाजूला ठेवावेत.

तीनसुती

कल्पना चांगली आहे, पण भार वाढतो हे लक्षात घ्यावे. टीव्ही आणि चौकट मिळून १६ किलो, मध्य बिजागरीपासून ४८ सेंटीमीटरवर, ७६८ झाले. माझ्या ३६ सेंटीमीटरच्या दांडीत ते चारशेच्या आत राहत होते.

भारवाहक

आकडा वाढतो हे खरे आहे, तरी या बाबतीत मी झडपेच्या बाजूने कौल देईन. बिजागऱ्या ५० सेंटीमीटर अंतरावर येतात, त्यामुळे वरच्या बिजागरीवरची ओढ साडेपंधरा किलो राहते. मुलाने मोकळ्या टोकाला २० किलो भार दिला तर ती ५४ च्या आसपास जाते. आरपार बोल्टांना याचे काही नाही. बिजागरीचे लाकडातले आखूड स्क्रू मात्र निघून येतील, म्हणून निदान वरची बिजागरी फळीला आणि चौकटीला आरपार नट-बोल्टने धरावी. शिवाय झडपेत एकच फिरता अक्ष आहे आणि ढिलाई विभागली जाणारी लांबी मोठी आहे. तीनसुती यांनी झुकण्याबद्दल जो मुद्दा मांडला, तोच इथे झडपेला अनुकूल ठरतो.

फळी बसवण्यापूर्वी गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे तो दगडापासून सुटलेला असतो. अशा गिलाव्यावर फळी आवळली की तो चुरतो, बोल्ट सैल होतात आणि आपण नट आवळत राहतो. तेवढ्या पट्ट्यातला सुटा गिलावा काढून, नव्याने भरून, तो पुरता सुकल्यावरच फळी लावावी.

पडवीतला

सर्वांचे मनापासून आभार. झडप करण्याचे ठरवले आहे. कोठीच्या बाजूला जिथे पट्ट्या येतील तिथे धान्याच्या कणगीमागची जागा आहे, त्यामुळे त्या कोणाला दिसणारही नाहीत. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आमच्याकडे माजघरात काही जण खाली बसतात आणि काही खुर्चीवर. मग उंची किती ठेवावी? आणि वळताना वायर ओढली जाऊ नये यासाठी काय करावे?

सहावा मजला

मध्येच विचारतो, क्षमस्व. पुण्यातल्या आमच्या सदनिकेत बाहेरच्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आहेत. पलीकडे सहा मजले खोल हवा आहे, आरपार बोल्ट शक्य नाही. उभ्या फळीचा उपाय तिथे चालेल का?

भारवाहक

फळी चालेल, किंबहुना तिथे तिची गरज अधिक आहे. सिपोरेक्स सच्छिद्र आणि हलके असल्याने फुगणारा लोखंडी फास्टनर त्यात वापरू नये. लांब बाहीचे, १० मिलिमीटर व्यासाचे नायलॉन अँकर घ्यावेत, त्यांची लांबी फळीची जाडी धरून ठरवावी आणि भोक पाडताना ठोके पूर्ण बंद ठेवावेत, नाहीतर भोक मापापेक्षा मोठे होते. बोल्टांची संख्या वाढवून अंतर पसरावे. मात्र झडप किंवा लांब दांडी त्या भिंतीवर टाळावी आणि टीव्ही लगटूनच लावावा. वळवायचाच असेल तर जवळचा काँक्रीटचा खांब शोधावा. त्यात साधा अँकर फास्टनरही उत्तम धरतो. फळी लावण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ आडव्या रेषेत भोक घेऊ नका, भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच मार्गाने गेलेल्या असतात.

रंधा आणि पटाशी

पडवीतला यांच्यासाठी : जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाची नजर साधारण ७५ ते ८० सेंटीमीटरवर असते आणि खुर्चीवरच्या माणसाची ११० च्या आसपास. पडद्याचा मध्य जमिनीपासून १ मीटरवर ठेवल्यास दोघांचीही मान अवघडत नाही. पडद्याची उंची सुमारे ५४ सेंटीमीटर असल्याने खालची कड ७३ सेंटीमीटरवर येईल. दुकानातली माणसे टीव्ही हमखास याहून बराच वर लावतात. घरच्यांनी तसा आग्रह धरला तरी ऐकू नये.

फळी लावताना ओळंबा सोडून पाहावा. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. फळी तिरकी बसली तर झडप आपोआप उघडत राहील किंवा आपोआप मिटेल, म्हणून खालच्या किंवा वरच्या बोल्टाशी लाकडाची पातळ पाचर देऊन ती उभी सरळ करावी आणि मगच नट पूर्ण आवळावेत. बिजागऱ्यांच्या खिळ्या एका रेषेत आहेत का, हेही त्याच ओळंब्याने कळते.

तीनसुती

वायर नेहमी बिजागरीच्या बाजूने न्यावी, मोकळ्या बाजूने नाही. तिथे लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. चौकटीला आणि फळीला प्रत्येकी एक क्लिप मारून मध्ये हातभर सैल वेटोळे सोडावे. डिशची जाड केबल वारंवार एकाच जागी मुडपली तर आतली तार तुटते, म्हणून तिचे वेटोळे विजेच्या वायरीपेक्षा मोठे ठेवावे. मिटलेली झडप जागेवर राहण्यासाठी मोकळ्या कडेला कपाटाला लावतात तसे चुंबकी कॅच पुरेल. उघडताना ती ठरावीक अंशापुढे जाऊ नये म्हणून खालच्या आडव्या तुकड्यापासून भिंतीतल्या फळीपर्यंत बारीक साखळी लावा आणि तिची लांबी टीव्ही चढवण्यापूर्वी, रिकाम्या चौकटीवर ठरवा. रिकामी चौकट टांगली की मोकळ्या टोकाला सिमेंटचे अर्धे पोते दोरीने अडकवून रात्रभर ठेवा. सकाळी पाणसळ लावून कड उतरली आहे का ते पाहा आणि नट पुन्हा एकदा आवळून, वर चेकनट (पहिला सैल होऊ नये म्हणून त्यावर आवळायचा दुसरा नट) घालून, मग टीव्ही चढवा.